चाऊस : पैनगंगेकाठच्या एका आडनावाची कुळकथा

आपल्याकडे अरबी आडनावांची वाण नाही, फक्त ती अरबी आहेत हे आपल्या लक्षात येत नाही. सराफ हा शब्द अरबी. दलाल अरबी. मुकादम म्हणजे अरबीतला ‘मुकद्दम’, पुढे ठेवलेला, पुढारी. मुजुमदारांच्या नावात ‘मजमू’ ही अरबी बेरीज आणि ‘दार’ हा फारसी प्रत्यय आहे. हवालदारांच्या नावात अरबी ‘हवाला’ आहे. ही आडनावे मिरवणाऱ्या घरांचा अरबस्तानाशी काडीचा संबंध नाही. बहामनी आणि आदिलशाही-निजामशाही दफ्तरांनी कामांना फारसी-अरबी नावे दिली, कामे वंशपरंपरेने घरात राहिली आणि कामाचे नाव घराला चिकटले. हा सगळा व्यवहार मराठी वाचकाला चांगला परिचयाचा आहे.

या व्यवहाराची उलट बाजू मात्र फारशी कोणी पाहिलेली नाही. ज्यांचे पूर्वज खरोखरच अरबस्तानातून आले, ज्यांच्या घरात वंशावळ तोंडपाठ असे, अशा घरांना आपल्या मुलखात जे आडनाव मिळाले ते अरबी नाहीच. ते आडनाव म्हणजे ‘चाऊस’.

यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, पुसद-उमरखेड भागात, मी बरीच वर्षे शिक्षक होतो. हजेरीपट लिहिणे हे शिक्षकाच्या वाट्याला येणारे सर्वांत रटाळ काम. पण आडनावांची आवड असणाऱ्याला त्यात वाचायला पुष्कळ सापडते. राठोड, चव्हाण, जाधव, देवसरकर, कदम, शिंदे या रांगेत मधूनच एखादा चाऊस असे. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाच्या दाखल्यावर ‘चाऊस’, दुसऱ्याच्या दाखल्यावर ‘चाउश’, आणि वडिलांच्या कागदांवर ‘चावूस’, असेही पाहण्यात येई. गावातली माणसे त्यांना ‘अरब’ म्हणत, आणि ‘चाऊस म्हणजे अरबी लोकांतली एक जात’ असा अर्थही बिनदिक्कत सांगत. हा अर्थ चुकीचा आहे. चाऊस ही जात नाही, टोळीही नाही. तो एक हुद्दा आहे, आणि तोही तुर्की फौजेतला.

अकराव्या शतकात महमूद काशगरीने तुर्की भाषेचा शब्दकोश अरबीत रचला. त्यात हा शब्द येतो. लढाईत रांगा सरळ ठेवणारा आणि सैनिकांना जुलूम करण्यापासून आवरणारा, असा त्याचा अर्थ काशगरी देतो. उस्मानी तुर्कांच्या साम्राज्यात चावुश हे दरबाराचे निरोपे झाले, दूत झाले, सुलतानाच्या स्वारीपुढे ललकारी देणारे झाले. पुढे नव्या पद्धतीची पलटण आली तेव्हा हाच शब्द सार्जंटच्या दर्जाला लावला गेला, आणि आजही तुर्की सैन्यात चावुश म्हणजे सार्जंट. आपल्या भाषेत बोलायचे तर हवालदार. इराणात या शब्दाने वेगळे वळण घेतले. यात्रेकरूंच्या तांड्यापुढे धार्मिक पदे म्हणत चालणाऱ्याला तिथे चावोश म्हणत. आपल्याकडच्या दिंडीतला चोपदार डोळ्यांपुढे आणला तर हा माणूस नीट कळेल.

उस्मानी साम्राज्य जिथे जिथे गेले तिथे तिथे या हुद्द्याचे आडनाव झाले. रुमानियाचा हुकूमशहा निकोलाय चाउशेस्कू आपल्या वाचकांना आठवत असेल. त्याच्या नावातला ‘चाउश’ म्हणजे हाच चाऊस, आणि ‘एस्कू’ म्हणजे अमुकाचा वंशज. काही वर्षांपूर्वीपर्यंत तुर्कस्तानचे परराष्ट्रमंत्री असलेले मेवलुत चावुशोग्लू यांचे आडनावही तेच, ‘चावुशाचा मुलगा’. बोस्नियात चाउशेविच आहेत, बल्गेरियात चाउशेव आहेत, ग्रीसमध्ये त्साऊसिस आहेत. बुखारेस्टच्या त्या हुकूमशहाचा आणि उमरखेडच्या बाजारात दुकान लावणाऱ्या माणसाचा रक्ताचा संबंध शून्य. पण दोघांच्या आडनावाचे मूळ एक, आणि ते पडण्याची रीतही एक.

आता प्रश्न असा की तुर्की हुद्दा अरबांना चिकटला कसा? सरळ उत्तर असे दिले जाते की अरबस्तानावर तुर्कांचे राज्य होते, तेव्हा अरबांनी तो शब्द तिकडूनच आणला. मला हे उत्तर पटत नाही, आणि माझा आक्षेप त्या शब्दातल्या पहिल्याच अक्षरावर उभा आहे. प्रमाण अरबीत ‘च’ नाही. तुर्की ‘चावुश’ अरबांच्या तोंडी गेला तेव्हा त्याचा ‘शावीश’ झाला. मिसरमध्ये पोलीस हवालदाराला शावीश म्हणतात. अरबांनी हा शब्द स्वतः आणला असता तर आपल्या हजेरीपटावर शावीश किंवा शाऊस यायला हवे होते. ‘च’ शाबूत राहिला याचा अर्थ, हा शब्द फारसी-उर्दू बोलणाऱ्या दख्खनी दफ्तरातून आला. दिल्लीच्या सुलतानांच्या दरबारातही नकीब आणि चाऊश होते, म्हणजे शब्द हिंदुस्थानात जुनाच होता. बाहेरून आलेल्या शिपायाला हाक मारायला इथल्या कारकुनाने आपल्याकडचा तयार शब्द काढला. शेवटच्या ‘श’चा ‘स’ ही आपल्या बाजूची कामगिरी. शाबाशचे शाबास केले, शरबतचे सरबत केले, तसाच चाऊशचा चाऊस. (सिपाहीचा शिपाई करून आपण उलटही फिरलो आहोत. मराठी माणूस ‘श’ आणि ‘स’च्या बाबतीत कोणाचे ऐकत नाही.) थोडक्यात, हे नाव त्यांनी घेतलेले नाही, त्यांना दिलेले आहे.

ही माणसे आली कुठून? अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या येमेनच्या पूर्व भागात, हदरमौत नावाचा प्रदेश आहे. मुकल्ला हे त्याचे बंदर. आत कोरड्या डोंगरांच्या कुशीत एक लांब खोरे आहे आणि त्यात शिबाम, सैऊन, तरीम ही जुनी गावे. मातीच्या विटांच्या पाच-सात मजली घरांसाठी शिबाम जगभर प्रसिद्ध आहे. पाऊस बेभरवशाचा, शेती थोडी, टोळ्यांची भांडणे कायमची. त्यामुळे हदरमौतचा तरुण शतकानुशतके घराबाहेर पडत आला. कोणी जावा-सुमात्र्याला व्यापारासाठी गेला, कोणी पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, आणि ज्याच्या कमरेला जंबिया होता तो मोसमी वाऱ्याबरोबर हिंदुस्थानात शिपाईगिरीला आला. याफई, कथीरी, औलकी अशा टोळ्यांची ही माणसे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि एकोणिसाव्याच्या आरंभी बडोद्याचे गायकवाड, पुण्याचे पेशवे, नागपूरचे भोसले आणि हैदराबादचा निजाम, सगळ्यांच्या पदरी अरब होते.

त्यांची ख्याती दोन गोष्टींसाठी होती. गढी किंवा किल्ला धरून बसले की हटत नसत, आणि पगार थकला की धन्यालाही सोडत नसत. बडोद्यात तर ते कर्जाचे जामीनदार म्हणून उभे राहत. अरबाने हमी दिली की सावकार निश्चिंत. 1818च्या जूनमध्ये दुसरा बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाल्यावर त्याच्याच छावणीतल्या अरबांनी थकबाकीसाठी त्याला वेढले होते. राज्य बुडाले, पेशवाई संपली, पण आमचे पैसे द्या. भाडोत्री शिपायाची ही निष्ठा आपल्या इतिहासकारांना आवडत नाही. मला ती समजते. समुद्रापार मागे राहिलेल्या घराला पैसा पाठवायचा असे.

वऱ्हाडात हे लोक कसे पसरले याचे काही धागे त्याच वर्षांत सापडतात. 1817च्या नोव्हेंबरात सीताबर्डीची लढाई झाली. आप्पासाहेब भोसले इंग्रजांच्या छावणीत दाखल झाले, तरी त्यांचे अरब नागपूर शहर सोडायला तयार होईनात. डिसेंबरात इंग्रजांनी शहराला वेढा दिला, जुम्मा दरवाजावर केलेला हल्ला अरबांनी परतवला, आणि शेवटी तहाच्या अटी ठरल्या. बायकामुले आणि सामानासह त्यांना बाहेर पडू द्यायचे आणि वऱ्हाडातल्या मलकापूरपर्यंत पोहोचवायचे. बायकामुले हा शब्द इथे महत्त्वाचा. हे नुसते लढवय्ये राहिले नव्हते, त्यांचे संसार इथे मांडले गेले होते.

पुढच्याच एप्रिलात, 17 तारखेला, कर्नल ॲडम्सने पांढरकवड्याजवळ सिवनी येथे बाजीरावाच्या फौजेची दाणादाण उडवली. आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या हद्दीत झालेली पेशवाईतली ही शेवटच्या लढायांपैकी एक. आपल्याच जिल्ह्यात ती कोणाला ठाऊक नसते. फौज फुटली आणि माणसे वाट फुटेल तिकडे पांगली. 1819च्या जानेवारीत पैनगंगेच्या दक्षिणेला, हदगावकडच्या मुलखात, हटकरांचा पुढारी नोवसाजी नाईक याच्या गढीला निजामाच्या इंग्रज अधिकाऱ्यांखालील फौजेने वेढा घातला. इंग्रजी कागदांत या गढीचे नाव ‘नोवा’ असे येते. आत लढणाऱ्यांत अरबांचा मोठा भरणा होता, आणि गढी पडली तेव्हा त्यांतले बहुतेक मारले गेले. उमरखेडपासून ही जागा काही फार लांब नाही. म्हणजे 1817 ते 1819 या काळात नागपूर, पांढरकवडा आणि हदगाव या तिन्ही दिशांनी अरब शिपाई आपल्या जिल्ह्याच्या भोवती आणि आत वावरत होते.

पण खरी वस्ती झाली ती लढायांनी नव्हे, वसुलीने. वऱ्हाड तेव्हा निजामाच्या ताब्यात होते. महसुलाचे मक्ते दिले जात आणि मक्तेदार वसुलीसाठी हत्यारबंद माणसे ठेवी. देशमुखांच्या गढ्यांवर पहारे लागत. अरब पहारेकरी हा त्या काळच्या वऱ्हाडी गढीचा नेहमीचा भाग. हैदराबादेत याच अरबांचे जमादार मोठे सावकार झाले. त्यांतलाच एक, उमर बिन अवद अल कुऐती, इथल्या पैशावर आणि माणसांवर हदरमौतमध्ये राज्य उभे करणाऱ्या घराण्याचा मूळ पुरुष ठरला. मुकल्ल्याची ती कुऐती सल्तनत 1967पर्यंत टिकली, आणि तिचे सुलतान निजामाच्या दरबारी ‘सुलतान नवाज जंग’ या किताबाने मानकरी राहिले. दख्खनच्या महसुलातून अरबस्तानात राज्य उभे राहावे, हा इतिहासातला चमत्कारिक हिशोब आहे.

1853च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. कारण पुन्हा तेच, थकलेला पगार. या खेपेला हैदराबाद कंटिंजंटचा. माझ्या मते चाऊस आडनावाचा आजचा नकाशा या तहाने आखला. पैनगंगेच्या उत्तरेला इंग्रजी तहसीलदार आणि पोलीस आले. खासगी हत्यारबंदांना काम उरले नाही. दक्षिणेला निजामाचे राज्य चालूच राहिले आणि अरबांची गरजही. तिथे ‘नज्मे जमियत’ या बेकवायती फौजेत त्यांच्या तुकड्या होत्या, खजिन्यांवर आणि तुरुंगांवर त्यांचे पहारे होते. सर सालारजंगाने त्यांच्या सावकारीला आणि अरेरावीला आळा घातला, पण नोकऱ्या राहिल्या. म्हणून परभणी, नांदेड, हिंगोली, जालना, बीड, औरंगाबाद या पट्ट्यात चाऊस दाट, आणि नदी ओलांडून उमरखेड-पुसदकडे आले की विरळ होत जातात. यवतमाळ-वणीपर्यंत पोहोचताना ते क्वचितच भेटतात. पुसद तालुका 1905पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, आणि तो जिल्हा मोडल्यावरच यवतमाळला जोडला गेला. त्या भागाची सोयरीक, बाजार, बोली आजही नांदेड-हिंगोलीकडे झुकते. आडनावेही त्याला अपवाद नाहीत.

मग हुद्द्याचे आडनाव नेमके केव्हा झाले? हदरमौतच्या माणसाचे नाव असते ‘सालम बिन अवद’, म्हणजे अवदचा मुलगा सालम. त्यापुढे टोळीचे किंवा घराण्याचे नाव. बावजीर, बाअशन अशी ‘बा’ने सुरू होणारी घराणी तर हदरमौतची खूणच आहेत. मराठी नावही तीन खणांचे : स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. पहिले दोन खण अरबी नावाला तंतोतंत बसले. एवढे की आजही या घरांतल्या नावात ‘बिन’ आणि मुलींच्या नावात ‘बिंत’ टिकून आहे. तिसऱ्या खणाशी मात्र अडचण आली. अल याफई, अल कथीरी हे पटवाऱ्याला, मास्तरला कसे कळावे आणि लिहिता यावे? गावाने ज्या शब्दाने त्या माणसाला हाक मारली तोच त्याने लिहिला. चाऊससाहेबांचा मुलगा तो चाऊस. याफई असो, कथीरी असो, हदरमौतमध्ये पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी भांडणाऱ्या टोळ्या आमच्या शाळेच्या रजिस्टरात एका आडनावाखाली गुण्यागोविंदाने बसल्या.

आलेले बहुतेक पुरुष एकटे आले. लग्ने इथल्या दख्खनी मुसलमान घरांत झाली. परमुलखात जन्मलेल्या अशा मुलांना हदरमी लोक ‘मुवल्लद’ म्हणतात. आईची बोली ती मुलाची बोली, या न्यायाने दोन पिढ्यांत अरबी गेली, दख्खनी आली आणि बाजारात मराठी. मागे राहिला तो लग्नातला मरफा, म्हणजे ढोलांचा तो ठेका, हरीस, चौकड्यांची लुंगी, आणि नावातला ‘बिन’.

या आडनावाची कसोटी 1948मध्ये लागली. रझाकारांच्या काळात नदीपलीकडची असंख्य कुटुंबे वऱ्हाडात आश्रयाला आली होती आणि उमरखेडला हैदराबाद मुक्तिसंग्रामाचा सरहद्दीवरचा कॅम्प होता. निजामाच्या नोकरीतले अरब त्या संघर्षात कोणत्या बाजूला उभे होते हे लपवण्यासारखे नाही, आणि त्या काळाच्या जखमा नांदेडकडच्या गावांत अजून सांगितल्या जातात. सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर अरब म्हणून हजारो माणसे स्थानबद्ध झाली. त्यांना परदेशी ठरवून अरबस्तानात परत धाडायचे ठरले, आणि पुष्कळांना धाडलेही. पण लवकरच सरकारपुढे प्रश्न आला. यांतले कित्येक इथेच जन्मलेले, बापही इथे जन्मलेला, आई परभणीची किंवा कळमनुरीची. यांना परत पाठवायचे म्हणजे कुठे? ज्या मुकल्ल्याचे यांनी नावच ऐकले होते तिथे? शेवटी अनेकांना सोडून द्यावे लागले.

नदीच्या अलीकडच्या चाऊसांची गोष्ट निराळी होती. ते मध्य प्रांत-वऱ्हाडचे, म्हणजे 15 ऑगस्ट 1947पासूनच स्वतंत्र भारताचे रहिवासी. आडनाव एक, आजोबा कदाचित एकाच गलबतातून उतरलेले, पण पैनगंगेच्या एका काठाला तो शब्द परकेपणाचा पुरावा ठरू शकत होता आणि दुसऱ्या काठाला ते फक्त हजेरीपटावरचे नाव होते. मला या आडनावात गुंतवले ते याच गोष्टीने. ज्या नावावरून माणूस परका ठरत होता, ते नाव इथल्याच दफ्तराने त्याला दिले होते. अरबस्तानात ते कोणी ओळखलेही नसते.

हा विरोधाभास पुढे आणखी वाढला. 1970नंतर आखाती देशांत नोकऱ्या निघाल्या आणि मराठवाड्यातले चाऊस तरुण जेद्दा, दुबई, कुवेतला जाऊ लागले. तिकडे हदरमी वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे, बडी व्यापारी घराणी आहेत. तिथे ‘मी चाऊस’ म्हणून ओळख पटत नाही. ऐकणाऱ्याला हा माणूस आपण हवालदार असल्याचे सांगतो आहे असे वाटावे. तिथे विचारतात, टोळी कोणती? मग आजोबांकडून ऐकलेले याफई किंवा कथीरी आठवावे लागते. काही घरांनी अलीकडे मुलांच्या नावांपुढे ते जुने कुलनाम पुन्हा लावायला सुरुवात केली आहे. हैदराबादेत, विशेषतः ‘बरॅक्स’वरून नाव पडलेल्या बारकस या वस्तीत, ही कुलनामे कधी पुसलीच गेली नव्हती. तिथे माणसे पुष्कळ होती, म्हणून एकमेकांपासून वेगळे ओळखण्याची गरजही होती. चाऊस हे आडनाव म्हणून घट्ट झाले ते लहान गावांत, जिथे अरबांचे घर एखाददुसरेच होते. बारकसमध्ये चाऊस म्हणून हाक मारली तर दहा जण वळून पाहतील. उमरखेडच्या गल्लीत एकच.

आज हे आडनाव मराठवाड्यात शिक्षक, वकील, मेकॅनिक, नगरसेवक, फळांचे व्यापारी अशा सर्वांत आढळते, आणि रोजगाराबरोबर ते पुणे-मुंबईपर्यंत पोहोचले आहे. अडचण आहे ती कागदांची. चाऊस, चाउस, चाऊश, चावूस, चौस अशी पाच रूपे माझ्या स्वतःच्या पाहण्यात आहेत, आणि रोमन लिपीत गेले की त्यात आणखी भर पडते. शाळा सोडल्याचा दाखला एक सांगतो, आधार कार्ड दुसरे, सातबारा तिसरेच. पूर्वी ही केवळ लिहिणाऱ्याची लहर होती. आता संगणकाला ‘स’ आणि ‘श’ ही दोन वेगळी माणसे वाटतात. वारसनोंदीपासून पासपोर्टपर्यंत प्रत्येक ठिकाणी प्रतिज्ञापत्र करावे लागते. माझे काही जुने विद्यार्थी अशा कामासाठी माझ्याकडे येतात, कारण जुन्या हजेरीपटावरचे अक्षर माझे असते. मी त्यांना एवढेच सुचवतो, की कोणतेही एक रूप धरा, पण घरातल्या सगळ्यांनी तेच धरा. बहुतेक जण ‘स’ धरतात.